उजव्या हृदयावरचा ताण

“सर, पीप कमी करू या.”

डॉ. निकम हे तिसऱ्यांदा म्हणाल्या. दुपारचे पावणेबारा वाजले होते. आम्ही दोघं सात नंबरच्या बेडपाशी पीपीई किट घालून उभे होतो. गॉगल वाफेने धुरकटले होते. एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते आणि मास्कमुळे ऐकूही नीट येत नव्हतं. साधं बोलणंही भांडल्यासारखं वाटायचं.

“ऑक्सिजन नव्वदच्या खाली जाईल,” मी म्हणालो.

“अठ्ठ्याऐंशी चालेल. त्यांच्या हृदयाची उजवी बाजू फुगलीय. मी आत्ताच एको करून पाहिलंय.”

“मॅडम, अठ्ठ्याऐंशी तुम्हाला चालेल. संध्याकाळी पाच वाजता नातेवाइकांना फोन मला करायचा असतो.”

त्यांनी केसपेपरवर एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, निष्कर्ष लिहिला आणि त्याखाली लिहिलं, पीप कमी करावा. त्यांच्या ओळीखाली मी लिहिलं, ‘नोटेड. कंटिन्यू.’ म्हणजे, वाचलं, आहे तसंच चालू ठेवा. खाली सही केली. तो कागद अजून कुठल्यातरी कपाटात असेल. कागदात काहीच खोटं नाही. खोटं मी त्या संध्याकाळी तोंडाने बोललो, आणि ते दुरुस्त करण्यासाठी हे लिहितो आहे. माणसांची नावं बदलली आहेत.

मी भूलतज्ज्ञ. धुळ्यात शिकलो आणि जळगावात चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये भूल दिली. दुसऱ्या लाटेच्या वेळी मी निवृत्त होतो, वय सदुसष्ट. जळगावातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलला नवे व्हेंटिलेटर मिळाले होते, पण ते चालवणारी माणसं नव्हती. त्यांनी विचारलं, मी हो म्हणालो. बायको आठ दिवस बोलली नाही. पुढे गावाने माझा सत्कार केला. मी तो करूनही घेतला.

सात नंबरला होते प्रल्हाद चौधरी. सावद्याजवळच्या गावातले केळीवाले शेतकरी, वय छप्पन्न. नळी टाकून व्हेंटिलेटरवर घेतल्याचा त्यांचा पाचवा दिवस होता. बायको भुसावळच्या एका हॉस्पिटलात होती, तिलाही कोविडच. एकुलती मुलगी कविता धुळ्याला दिलेली. फोनवर सगळा व्यवहार बघत होते ते मोठे भाऊ. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही नानाच म्हणायला लागलो.

आता पीप म्हणजे काय ते सांगतो. फुफ्फुसात हवेचे कोट्यवधी बारीक फुगे असतात. कोविडमध्ये ते पाण्याने भरतात आणि मिटतात. मिटलेला फुगा प्रत्येक श्वासाला नव्याने उघडायचा म्हणजे फार कष्ट. म्हणून श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर आत थोडा दाब राखून ठेवतो, फुगा पूर्ण मिटू देत नाही. त्या राखलेल्या दाबाला आम्ही पीप म्हणतो. एक बटण फिरवलं की तो वाढतो. फुगे उघडतात आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा वर चढतो. लगेच चढतो. त्यामुळे बटण फिरवणाऱ्यालाही बरं वाटतं.

पण नुसती हवा आत जाऊन भागत नाही. त्या फुग्यांच्या भिंतीवर केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची जाळी असते. हवा आणि रक्त यांची गाठ तिथे पडावी लागते. शरीरातून परत आलेलं रक्त या जाळीत ढकलण्याचं काम हृदयाच्या उजव्या बाजूचं. ही बाजू पातळ भिंतीची असते, कारण निरोगी फुफ्फुस रक्ताला अडवतच नाही. तिला आयुष्यभर हलकं काम करायची सवय असते.

कोविडने त्या जाळीत जागोजागी बारीक गुठळ्या केल्या होत्या. रक्ताची वाट आधीच अरुंद झालेली. त्यात आपण हवेचा दाब वाढवला की ताणलेले फुगे उरलेल्या वाहिन्यांनाही चेपतात. उजवी बाजू जोर लावते, थकते, फुगते. फुगली की मधला पडदा डावीकडे ढकलला जातो. मग सगळ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या डाव्या बाजूला भरायला जागाच राहत नाही, आणि बीपी पडतं. याला इंग्रजीत जे नाव आहे त्याचं आम्ही बोलताना मराठी करतो, उजव्या हृदयावर ताण आला.

ऑक्सिमीटरवर यातलं काहीही दिसत नाही. तिथे ब्याण्णव दिसत राहतात.

आणि त्या वर्षी लोक फक्त तो आकडा विचारत. घरोघरी ऑक्सिमीटर आले होते. मी फोन लावला की नाना पहिल्यांदा विचारायचे, “डॉक्टर, नंबर किती?” बीपी, लघवी, एको यांतलं कोणी विचारायचं नाही. ब्याण्णव म्हटलं की पलीकडे कोणीतरी मोठ्याने ते परत म्हणायचं आणि मागून बायकांचे आवाज यायचे. सत्त्याऐंशी म्हटलं की शांतता. हॉस्पिटलचे व्यवस्थापकही साडेचारला यादी मागायचे, त्यातही बेडनंबर आणि सॅच्युरेशन एवढेच दोन रकाने. मला दोष दुसऱ्यावर टाकायचा नाही. चौतीस वर्षं मी थिएटरमध्ये त्याच आकड्याकडे बघत आलो होतो. तो नव्वदच्या वर असला की माझा जीव भांड्यात पडायचा.

त्या दिवशी सकाळी नऊला प्रल्हादभाऊंचं सॅच्युरेशन शहाऐंशी होतं. पीप दहा होता, मी चौदा केला, मग सोळा. ब्याण्णव आले. बीपी एकशे अठरा होतं, अकराला शहाण्णव झालं. मी बीपी वाढवायचं औषध चालू केलं. रक्ताच्या तपासणीत कार्बन डायऑक्साइड वाढलेला आला. हवा आत जातेय पण तिथे रक्त पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ होता. हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. त्या दिवशी मी म्हणालो, सॅम्पल उशिरा लावलं असेल.

बीपी आणखी घसरलं तेव्हा मी सलाइनची बाटली सोडली. आधीच फुगलेल्या बाजूत आणखी पाणी भरलं.

“सर,” ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, “तीन तासांत लघवी वीस एमएल. आणि मानेच्या शिरा बघा ना, दोरीसारख्या झाल्यात.”

“व्हेंटिलेटरवर फुगतातच.”

“काल नव्हत्या.”

“सिस्टर, आठ नंबरचं सक्शन राहिलंय, ते करा.”

पेशंटला पालथं घालणं हा एक मार्ग होता. त्याने आकडाही सुधारतो आणि उजव्या बाजूचा भारही हलका होतो. पण नळीसकट माणूस पालथा करायला पाच जण लागतात. त्या पाळीला आम्ही तिघंच होतो. ही अडचण खरी होती. पीप कमी करायला मात्र एक बोट पुरत होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी कविताचा फोन आला. आमच्याकडे एक पद्धत होती. नातेवाइकांना आत सोडता येत नसे, म्हणून सिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीतला मोबाइल पेशंटच्या कानाशी धरायच्या. पेशंट भुलीत असला तरी. घरच्यांना दोन शब्द बोलल्याचं समाधान मिळायचं. मी शेजारच्या बेडपाशी होतो, स्पीकर चालू होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“बाबा, मी कवी. बाबा, आई गेली. काल गेली भुसावळला. काका म्हणाले तुम्हाला सांगायचं नाही, पण माझ्यानं राहवत नाही. तुम्ही तरी या बाबा. मी एकटी काय करू?”

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मॉनिटरकडे पाहिलं. नाडी एकशे बत्तीस होती, ती एकशे बत्तीसच राहिली. बीपी आधी जेवढं होतं तेवढंच. प्रल्हादभाऊ पूर्ण भुलीत होते. माणूस भुलीत ऐकतोय की नाही हे ओळखणं हीच माझी आयुष्यभराची नोकरी. त्यांना ते ऐकू गेलं नाही, हे मी तेव्हा खात्रीने सांगू शकत होतो आणि आजही सांगू शकतो.

पाच वाजता बीपी सत्तरवर होतं आणि औषधाचा वेग जवळजवळ शेवटच्या टोकाला होता. ऑक्सिमीटरला बोटात नाडी सापडायला वेळ लागत होता, पण सापडली की ब्याण्णव. मी नानांना फोन केला.

“नंबर किती?”

“ब्याण्णव.”

“चला, बरं झालं,” नाना म्हणाले. तोवर डॉ. निकम पलीकडच्या वॉर्डमध्ये गेल्या होत्या.

पाच पंचवीसला हृदय थांबलं. आम्ही चाळीस मिनिटं प्रयत्न केले. डॉ. निकम धावत आल्या आणि कोणाला न विचारता त्यांनी स्वतःच पीप खाली आणला. काही उपयोग झाला नाही.

साडेसहाला मी बाहेर येऊन नानांना फोन लावला. प्रल्हादभाऊ गेल्याचं सांगितलं. नाना म्हणाले, “कशानं गेला माझा भाऊ? आता पाच वाजता तं तुमी ब्याण्णव सांगतले.”

“हृदयावर ताण आला, नाना.”

हे मी सरळ मनाने म्हणालो होतो. आमच्या भाषेत ते बरोबर होतं.

“ताण?” नानांनी विचारलं. “म्हंजे त्या पोरीनं फोनवर सांगतलं, त्याचा ताण घेतला का त्यानं? मी तिले सांगू नको म्हनलो व्हतो. ती आता मले सांगते की सांगून टाकलं म्हनून.”

त्या क्षणी मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कशाचा ताण? मला त्याचं उत्तर माहीत होतं, आणि डॉ. निकम माझ्या शेजारी उभ्या होत्या.

“असू शकतं,” मी म्हणालो.

डेथ सर्टिफिकेटवर कोविड न्यूमोनिया लिहिलं. तेही खरंच होतं. दुसऱ्या दिवशी सात नंबरला दुसरा पेशंट आला.

पीप कमी केला असता तर प्रल्हादभाऊ वाचले असते, असं मी म्हणत नाही. त्या फुफ्फुसांचे कितीतरी पेशंट सगळं बरोबर करूनही गेले. त्यांना जी संधी होती ती मी घालवली, एवढं मी म्हणतो.

गेल्या वर्षापर्यंत हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता मी आठवड्यातून दोन दिवस एसटीने धुळ्याला जातो. तिथल्या एका मित्राच्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनआधीची तपासणी करतो. पेशंट भूल सोसू शकेल की नाही, एवढंच बघायचं. तिथे एक बाई पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आली. तिचं बीपी एकशे ऐंशी. सोबत सासू होती.

“डॉक्टरसाहेब, ही दोन रातपाईन झोपेल नही शे,” सासू अहिराणीत म्हणाली. “हिना मनमा बठ्ठं तेच शे.” म्हणजे दोन रात्री झोप नाही, मनात सगळं तेच.

“काय तेच?”

सासूने सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, “मला टेन्शनची भीती वाटते डॉक्टर. आमच्याकडे टेन्शननं माणूस जातो. माझे वडील गेले. मीच सांगितलं त्यांना आई गेल्याचं, फोनवर. तासाभरात गेले. डॉक्टरांनी सांगितलं तसं.”

मी विचारलं नसतानाही तिने गावाचं नाव घेतलं. हॉस्पिटल कुठलं तेही सांगितलं. मला तिने ओळखलं नाही. ओळखणार कशी? मी किटच्या आत होतो.

पहिल्या भेटीत मी तिला काहीच सांगितलं नाही. हेही इथे लिहून ठेवतो. बीपीच्या गोळ्या लिहून दिल्या, दहा दिवसांनी या म्हणालो. ती बाहेर गेल्यावर सासू चिठ्ठी घ्यायला परत आत आली आणि तिने उरलेलं सांगितलं. तेराव्याच्या दिवशी काकांनी सगळ्या भाऊबंदांसमोर कविताला म्हटलं, तू मारलंस माझ्या भावाला. तेव्हापासून तिला आखाजीचं बोलावणं नाही. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. खान्देशात त्या सणाला लेकीबाळी माहेरी जातात, दिवाळीला नाही गेल्या तरी चालतं. माहेरी आईवडील नव्हते, पण घर होतं, काका-काकू होते. शेजारपाजारच्या सुना पिशव्या भरून एसटीत बसत आणि ही घरात पापड लाटत बसे.

त्या रात्री घरी येऊन मी जुना मोबाइल चार्जिंगला लावला. कोविड वॉर्डातून कागद बाहेर नेता येत नसत. म्हणून आम्ही चार्टचे फोटो काढून बाहेरच्या टेबलावर पाठवायचो. सात नंबरचा तासातासाचा चार्ट त्यात होता. सिस्टरच्या अक्षरात ‘४.१० नातेवाईक फोन’ असंही लिहिलेलं होतं.

मग मी डॉ. निकमना फोन केला. त्या आता नाशिकला असतात. मी सगळं सांगितलं.

“सर, तुम्ही ‘असू शकतं’ म्हणालात ते मी ऐकलं होतं,” त्या म्हणाल्या. “मीही काही बोलले नाही. वाटलं, मोठ्या माणसाला नातेवाइकांसमोर कशाला तोंडघशी पाडायचं.”

दहा दिवसांनी कविता आली. मी सासूलाही आत बसवलं आणि सांगितलं, तो डॉक्टर मी. पीप काय, ताण कशाला म्हणतात, तुझ्या फोनच्या आधी सहा तास बीपी पडत होतं, सगळं. फोटो दाखवले. ती रडली नाही. तिने फोटो दोनदा मोठा करून पाहिला.

“बाबांना ऐकू गेलं नव्हतं?”

“नाही.”

“मग आई गेल्याचं त्यांना कळलंच नाही.”

“नाही कळलं.”

तिने मोबाइल मला परत दिला. मग म्हणाली, “ऑपरेशनला भूल दुसऱ्या डॉक्टरांनी द्यावी.” मी तशी व्यवस्था केली. ऑपरेशन नीट झालं.

नानांकडे मी एकटा गेलो. सावद्यापासून आत पाच किलोमीटर. ते केळीच्या बागेत पंपाच्या खोलीपाशी होते, ड्रिपच्या नळ्या धुण्याचं काम चाललं होतं. वय झालं होतं. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मी पाणी प्यायच्या आधीच सांगायला सुरुवात केली.

“म्हंजे मशीननं मारलं,” नाना म्हणाले. “मी तवाच म्हनत व्हतो, नळी टाकू नका.”

“मशीनने नाही. मशीन नसतं तर ते पाच दिवस आधीच गेले असते. मशीनचा दाब मी वाढवला. कमी करा असं मॅडम तीनदा म्हणाल्या. मी केला नाही.”

त्यांनी वाकून एक काळी नळी उचलली. “थांबा. समजा ह्या नळ्या आतून चोक झाल्या. अन् वरून कोनी त्याच्यावर ट्रॅक्टर उभा केला. मंग मोटर जोर मारून मारून बसली. असं?”

“असंच.”

“अन् तुमी मोटरकडे पाहलंच नई.”

“मॅडमनी दाखवली होती. मी पाहिली नाही.”

मी मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा लावला. चार्टवरून बोट फिरवत आकडे मोठ्याने वाचले. एकशे अठरा, एकशे चार, शहाण्णव, नव्वद, चौऱ्याऐंशी. पुढचे आकडे वाचत बोट ‘४.१०’वर येऊन थांबलं.

“हे सारं तिच्या फोनच्या आधीचं?”

“आधीचं.”

नाना मोबाइल हातात धरून बसले. मोटर चालू होती, बाजूला पाणी वाहत होतं, कोणी ती बंद केली नाही.

“मी साऱ्यांले सांगत फिरलो,” ते शेवटी म्हणाले. “डॉक्टरनं सांगतलं म्हनून. माझं एकट्याचं कोन ऐकतं व्हतं? डॉक्टरचं नाव घेतलं तवा लोकायले पटलं.” मग माझ्याकडे न बघता, “तुमी आता जा. तिले मी फोन करतो. तुमच्यासमोर नई करनार.”

मी रस्त्यापर्यंत चालत आलो आणि सावद्याला जाणारी रिक्षा पकडली.

या आखाजीला कविता माहेरी गेली. सासूनेच फोन करून कळवलं, एक दिवस राहून परत आली म्हणून. “गई व्हती. एक दिन रायनी, परत उनी.”

“काही म्हणाली का?”

“नही. काही नही.”

मधली जी वर्षं तिला बोलावणं आलं नाही, त्यांचं काय, हे मला कोणी विचारलेलं नाही.

नव्या डॉक्टरांसाठी दोन गोष्टी लिहितो. पहिली, ऑक्सिजनचा आकडा चांगला दिसत असताना बीपी पडत असेल आणि कार्बन डायऑक्साइड वाढत असेल, तर हृदयाच्या उजव्या बाजूकडे बघा. कोणी ती दाखवत असेल तर तिसऱ्यांदा सांगायची वेळ आणू नका. दुसरी, मृत्यूचं कारण सांगून झाल्यावर लगेच फोन ठेवू नका. समोरच्याला काय समजलं, ते त्याच्या तोंडून वदवून घ्या. चुकीचं समजलं असेल तर तिथल्या तिथे ‘नाही’ म्हणा. ते चुकीचं तुमच्या सोयीचं असेल, तर आधी म्हणा.